दृष्टिहीन वाचकासाठी पुस्तक मिळवताना: प्रकाशकाची परवानगी की कायद्यातील अपवाद?

दृष्टिहीन विद्यार्थी ग्रंथालयात येऊन अभ्यासक्रमातले एखादे पुस्तक आपल्याला वाचता येईल अशा रूपात मागतो, तेव्हा ग्रंथपालासमोर चार मार्ग असतात. प्रकाशकाने बाजारात आणलेले सुलभ ई-पुस्तक विकत घेता येते, प्रकाशकाकडे परवानगी मागता येते, कॉपीराइट कायद्यातील अपवादाच्या आधारे स्वतः प्रत तयार करता येते किंवा दुसऱ्या संस्थेने आधीच केलेली प्रत मागवता येते. परवानगीचा मार्ग सर्वांत सुरक्षित वाटतो, म्हणून बहुतेक संस्था पहिले पत्र प्रकाशकाला लिहितात. माझे मत नेमके उलट आहे. जिथे कायद्याने मुभा दिलेली आहे, तिथे परवानगी मागण्यात विद्यार्थ्याचा वेळ जातो आणि हाती नवीन काहीच येत नाही.

ही मुभा आंतरराष्ट्रीय पातळीवर मराकेश कराराने दिली. जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या पुढाकाराने हा करार २७ जून २०१३ रोजी संमत झाला आणि वीस देशांनी त्याला अनुसमर्थन दिल्यावर ३० सप्टेंबर २०१६ पासून अमलात आला. करार स्वीकारणाऱ्या देशाला आपल्या कायद्यात असा अपवाद ठेवावा लागतो, की अधिकृत संस्थेला हक्कधारकाला न विचारता प्रकाशित पुस्तकाची ब्रेल, ध्वनी किंवा डिजिटल सुलभ प्रत तयार करता यावी. लाभार्थी केवळ अंध व्यक्ती नाहीत. वाचन-अक्षमता असलेल्या व्यक्ती आणि शारीरिक अपंगत्वामुळे पुस्तक हातात धरणे किंवा पान उलटणे ज्यांना जमत नाही अशा व्यक्तीही त्यात येतात.

परवानगीच्या मार्गातली अडचण पत्राच्या उत्तरापाशी सुरू होते. पुस्तक जुने असेल तर हक्क नेमके कोणाकडे आहेत हे प्रकाशकालाही चटकन सांगता येत नाही, आणि आतली चित्रे व नकाशे तिसऱ्याच कोणाचे असतात. मी स्वतः अशा एका पत्राची वाट पाहिली आहे. होकार आला तेव्हा त्या विषयाची परीक्षा होऊन गेली होती. नकार आला तर आणखी वाईट. नकारामुळे कायद्याने दिलेला अधिकार संपत नाही, परंतु संस्थेचे प्रशासन बिचकते आणि हाती घेतलेले काम थांबवते.

स्वतः प्रत तयार करण्यापूर्वी आपल्या देशाचा कायदा कोणाला काय करू देतो, हे पाहावे लागते, कारण करार एक असला तरी कायदे सारखे नाहीत. भारताच्या कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ५२ मध्ये आलेला अपवाद बराच रुंद आहे: ना-नफा तत्त्वावर काम करणाऱ्या संस्थेलाच नव्हे, तर कोणत्याही व्यक्तीला अपंग व्यक्तीच्या खासगी वाचनासाठी, शिक्षणासाठी किंवा संशोधनासाठी सुलभ प्रत करता येते. मराकेश कराराला अनुसमर्थन देणारा पहिला देशही भारतच होता, २०१४ मध्ये. अमेरिकेत १९९६ पासून असलेली सवलत प्रामुख्याने अधिकृत संस्थांभोवती, म्हणजे अशा सेवा देणाऱ्या ना-नफा संस्था आणि शासकीय यंत्रणांभोवती बेतलेली आहे. दोन्हीकडे प्रत नफ्यासाठी नसते आणि ती लाभार्थ्यांपुरतीच राहावी लागते. शिवाय करारानुसार मूळ पुस्तक वैध मार्गाने हाती आलेले असावे लागते, त्यामुळे इंटरनेटवरून उचललेली चोरटी पीडीएफ या कामाला चालत नाही.

कायदा मोकळा असला तरी काम सोपे नाही, आणि निर्णय घेणाऱ्याने इथेच सर्वाधिक विचार करावा. पान स्कॅन करून ओसीआरने, म्हणजे चित्रातली अक्षरे ओळखणाऱ्या संगणकीय प्रणालीने, मजकूर काढला, की ‘घ’चा ‘ध’ आणि ‘भ’चा ‘म’ होतो, दोन स्तंभांतला मजकूर एकमेकांत मिसळतो, तळटीप चालू वाक्याच्या मधोमध येऊन बसते. डोळ्यांनी वाचणारा ती ओलांडून पुढे जातो; कानांनी वाचणाऱ्याला आपण कुठल्या वाक्यात होतो हेच कळत नाही. तक्त्याला शीर्ष-रांग म्हणून खूण केलेली नसेल तर स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी प्रणाली) ‘बारा, सत्तेचाळीस, तीन’ असे आकडे वाचत सुटतो आणि कोणता आकडा कशाचा हे ऐकणाऱ्याला उमगत नाही. शिक्षकांनी वर्गात ‘पान ८४ काढा’ म्हटल्यावर विद्यार्थ्याला तिथे पोहोचता यायचे असेल तर फाइलमध्ये छापील पानांचे क्रमांक आणि प्रकरणांची शीर्षके नीट घातलेली हवीत. इतिहासाचे सलग गद्य काही दिवसांत तयार होऊ शकते; आकृत्यांनी भरलेल्या रसायनशास्त्राच्या पुस्तकात प्रत्येक आकृतीचे वर्णन विषय जाणणाऱ्या माणसाला लिहावे लागते.

म्हणूनच आधी कोणी हे काम केले आहे का, हे शोधणे शहाणपणाचे. मराकेश करारापूर्वी एकाच पुस्तकाची ब्रेल प्रत निरनिराळ्या देशांत पुन्हा पुन्हा तयार होत असे, कारण एका देशाच्या अपवादाखाली केलेली प्रत सीमेपलीकडे पाठवण्याला कायद्याचा भक्कम आधार नव्हता. आता करारात सहभागी देशांच्या अधिकृत संस्था अशा प्रती परस्परांना देऊ शकतात. अॅक्सेसिबल बुक्स कन्सॉर्शियम आणि बुकशेअर या सुलभ पुस्तके पुरवणाऱ्या उपक्रमांच्या सूचींत शोध घेणे हे पहिल्याच दिवशी करायचे काम आहे. उणीव एवढीच, की इंग्रजीसारख्या भाषांत निवड मोठी आहे आणि लहान भाषांत ती पटकन संपते.

विकत घेण्याचा मार्ग सर्वांत जलद, पण खरेदीपूर्वी फाइल स्क्रीन रीडरवर उघडून पाहावी. नक्कल रोखण्यासाठी डिजिटल कुलूप घातलेले ई-पुस्तक कित्येकदा पडद्यावर दिसते आणि वाचून दाखवण्याच्या यंत्रणेला मात्र रिकामे भासते. असे कुलूप अपवादाच्या आड येऊ नये, अशी व्यवस्था करण्याचे बंधन करार सदस्य देशांवर टाकतो. ते कसे पाळले आहे, हे आपापल्या कायद्यात तपासावे. बाजारात सुलभ प्रत असल्याने तुमचा अपवाद जातो का, याचेही उत्तर देशागणिक वेगळे आहे. कॅनडात त्या व्यक्तीला चालेल अशा रूपातील प्रत बाजारात वाजवी किमतीत आणि वाजवी वेळात मिळत असेल तर अपवाद लागू होत नाही. युरोपीय संघाच्या २०१७ च्या निर्देशाने सदस्य देशांना अशी अट घालू दिलेली नाही. मला युरोपची भूमिका अधिक न्याय्य वाटते, कारण बाजारात काय आहे हे सिद्ध करण्याचे ओझे वाचकाच्या किंवा लहानशा ग्रंथालयाच्या डोक्यावर बसत नाही.

प्रत नफ्यासाठी विकायची असेल तर हा अपवाद उपयोगी पडत नाही. तिथे परवाना घ्यावाच लागतो. बाकी प्रकाशकाला पत्र जरूर लिहावे, पण त्यात परवानगीऐवजी पुस्तकाची मूळ डिजिटल फाइल मागावी. छपाईसाठी वापरलेली फाइल मिळाली तर ओसीआरच्या चुका मुळातच टळतात आणि मुद्रितशोधनाचे आठवडे वाचतात. पत्रात कायद्यातील कलम, प्रत कोणासाठी हवी आहे त्या गटाचे वर्णन आणि वर्ग सुरू होण्याची तारीख लिहावी, विद्यार्थ्याचे नाव लिहू नये, आणि पत्र गेले त्याच दिवशी पहिल्या प्रकरणाचे स्कॅनिंग सुरू करावे.