बालविभागाचं कपाट: वाचनालयाच्या बाल सभासदत्वाचा जूनपासूनचा अनुभव

आमच्या तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयात लेकीला जूनमध्ये बाल सभासद केलं. अनामत २०० रुपये, वर्गणी महिन्याला २५. एका वेळी एकच पुस्तक, मुदत पंधरा दिवस, पण हवं तर रोज जाऊन बदला. बहुतेक गावांत थोड्याफार फरकानं हेच नियम असतात, म्हणून त्यांवर जास्त लिहीत नाही. लिहायला बसले ते कुलुपामुळे. दिवाळीनंतरच्या मोजदादीत बालविभागातली काही पुस्तकं कमी भरली आणि जूनपासून उघडं असलेलं काचेचं कपाट कुलूपबंद झालं. काउंटरवरचे काका म्हणाले, "मॅडम, नाव सांगा, काढून देतो." पहिलीतल्या मुलीला पुस्तकाचं नाव कुठून माहीत असणार? तिला हत्तीचं हवं असतं, नाहीतर मागच्या वेळी दिसलेलं "ते निळं".

मोठ्या माणसाचं कुलूपबंद कपाटानं फारसं अडत नाही. आपण लेखकाचं नाव मनात घेऊन जातो, यादी चाळतो, चिठ्ठीवर दाखल अंक, म्हणजे वाचनालयाच्या नोंदवहीतला पुस्तकाचा क्रमांक, लिहून देतो. काचेतून पुस्तकाचा कणा, म्हणजे नाव छापलेली पाठीची बाजू, दिसला तरी आपल्याला पुरतं. पण लहान मुलांची पुस्तकं असतात सोळा नाहीतर चोवीस पानांची, मधोमध दोन पिना मारलेली. त्यांना कणाच नसतो. शंभर पुस्तकं ओळीनं उभी केली तरी बाहेरून नुसत्या कागदाच्या कडा दिसतात. ज्या वयाला मुखपृष्ठ बघून पुस्तक उचलायचं असतं, नेमकी त्याच वयाची पुस्तकं त्या कपाटात दिसेनाशी होतात. दिसतात ती थोरांची चरित्रं आणि विज्ञानाची जाडजूड पुस्तकं. मग काकाही तीच काढून देतात आणि पोर ती न उघडता परत आणतं. पालक म्हणतात, हिला वाचनाची आवडच नाही.

कपाट उघडं होतं तेव्हाचं चित्र वेगळं होतं. लेक फरशीवर बसायची, खालच्या कप्प्यातली ढीगभर पुस्तकं बाहेर ओढायची, एकेक उघडून बघायची आणि बाजूला ठेवायची. हे नको, ह्यात मुलगी रडते. हे नको, अक्षरं बारीक आहेत. हे नको, मांजर नीट काढलेलं नाही. नको म्हणता म्हणता तिला स्वतःची आवड कळत गेली, असं माझं ठाम मत आहे. एक कावळ्याचं पुस्तक तिनं परत करून पुन्हा, परत करून पुन्हा असं इतक्यांदा आणलं की शेवटी काका न विचारताच त्याचा दाखल अंक लिहायला लागले. मी कधी अडवलं नाही. तिसऱ्या-चौथ्या खेपेला ती ते पाठ म्हणत होती, त्यानंतर बोट ठेवून म्हणायला लागली, आणि एके दिवशी बोट एका शब्दावर थांबलं आणि तिनं तो खरोखर वाचला.

पैशाचंही बोलते, कारण आमच्या घरात तो विचार करावा लागतो. रंगीत चित्रांचं बरं पुस्तक दुकानात घ्यायचं तर शंभर-दीडशे रुपये सहज लागतात आणि ते दहा मिनिटांत वाचून होतं. मुलाला नाही आवडलं तर पडून राहतं. वाचनालयात नावडतं पुस्तक दुसऱ्या दिवशी परत देता येतं, आणि माझ्या मते २५ रुपये ह्याच सोयीचे आहेत. हातात घेऊन बघता येत नसेल, तर वर्गणीतला मोठा भाग वाया जातो.

मुलगी इंग्रजी माध्यमात आहे. मराठी अक्षरओळख घरी झाली, पण जोडाक्षर आलं की गाडी अडायची. अशा मुलांसाठी प्रथम बुक्स ह्या प्रकाशनाची पुस्तकं उपयोगी पडतात, कारण त्यांच्यावर वाचनपातळी छापलेली असते, १ ते ४. पहिल्या पातळीवर शब्द थोडे आणि सोपे असतात. नेहरू बाल पुस्तकालय ही नॅशनल बुक ट्रस्टची मालिका आणि ज्योत्स्ना प्रकाशनाची चित्रपुस्तकंही बहुतेक वाचनालयांत सापडतात. 'किशोर' मासिक बालभारती १९७१ पासून काढते. त्याचे जुने बांधीव खंड आमच्याकडे वरच्या कप्प्यात आहेत. ते तिला स्वतःला वाचायला अजून अवकाश आहे, पण रात्री मी मोठ्यानं वाचून दाखवते आणि आता ती पुढचं पान उलटायची घाई करते. प्रथम बुक्सच्याच स्टोरीवीवर ह्या संकेतस्थळावर २०१५ पासून मराठी गोष्टी फुकट वाचता येतात. प्रवासात मी ते वापरते. घरी नाही, कारण फोन हातात आला की दोन पानांनंतर ती व्हिडिओ मागते.

इथवर लिहून ठेवलं होतं. त्यानंतर ग्रंथपालांशी निवांत बोलणं झालं, म्हणून पुढचं थोडं वेगळं आहे.

त्यांनी दाखल नोंदवही उघडून दाखवली. प्रत्येक पुस्तक तिथे अंकानिशी चढलेलं असतं, आणि तपासणीला अधिकारी आले की कमी भरलेल्याचा जाब त्यांना द्यावा लागतो. आपल्याकडची बहुतेक सार्वजनिक वाचनालयं सरकारची नाहीत, ती संस्थांची आहेत. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये कायद्यानुसार त्यांना मान्यता मिळते, अ, ब, क, ड असे वर्ग पडतात आणि वर्गाप्रमाणे अनुदान येतं. ग्रंथालयांसाठी वेगळा कर ह्या कायद्यात नाही. त्यामुळे पगार, नवी पुस्तकं, वीजबिल ह्या सगळ्याची ओढाताण तेवढ्यातच. एवढ्याशा पगारावर काम करणारा माणूस स्वतःच्या खिशातून पुस्तकं भरून द्यायच्या भीतीनं कुलूप लावत असेल, तर माझा राग त्या माणसावर उरत नाही.

कुलूप मात्र मला मान्य झालं नाही. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक मानले जाणारे एस. आर. रंगनाथन, त्यांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांतलं पहिलंच आहे, पुस्तकं वापरण्यासाठी आहेत. ते समजावताना त्यांनी युरोपातल्या साखळीनं बांधलेल्या पुस्तकांचा दाखला दिला होता. त्यांची जयंती, १२ ऑगस्ट, आमच्या वाचनालयातही साजरी होते, फोटोला हार घातला जातो. दुसरा आधार त्याहून कामाचा निघाला. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांत ग्रंथालयांसाठी स्पष्ट लिहिलं आहे: वर्षभरात वाचकांच्या हाती गेलेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच हरवली, तर ते वाजवी धरावं, त्यामागे अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जी नसेल तर. हजार रुपयांवरचं किंवा दुर्मीळ पुस्तक असेल तर मात्र चौकशी व्हायलाच हवी. हा नियम आमच्या संस्थेला थेट लागू होत नाही. पण कार्यकारिणी तसा ठराव करू शकते, आणि पिना मारलेली पातळ पुस्तकं काही हजार रुपयांची नसतात. मी त्या पानाची प्रिंट काढून चिटणिसांना दिली. कोल्हापूर संस्थानानं १९४५ सालीच ग्रंथालयांचा कायदा केला होता, देशात सगळ्यांच्या आधी. ज्या प्रदेशाची अशी परंपरा आहे, तिथे सहा वर्षांच्या वाचकाला काचेबाहेर उभं करू नये, असं मी त्यांना तोंडावर सांगितलं.

ठराव अजून व्हायचा आहे. सोय मात्र झाली. बुधवारी आणि शनिवारी संध्याकाळी पाच ते सात कपाट उघडं असतं आणि त्या वेळेत आम्हा पालकांपैकी एकजण तिथे बसतो. पातळ पुस्तकं कपाटातून काढून खिडकीपाशी बांधलेल्या दोरीवर चिमट्यांनी लावली आहेत, मुखपृष्ठ समोर आणि मुलांचा हात पोचेल एवढ्या उंचीवर. ही कल्पना ग्रंथपालांचीच. दोरी लागल्यापासून शेजारच्या गल्लीतली मुलंही यायला लागली आहेत, त्यांतली काही अजून सभासदही नाहीत.

ग्रंथपालांबद्दल आणखी एक लिहायलाच हवं. माझ्या धाकट्या मुलानं मध्यंतरी एक पान उभं फाडलं. दंड भरायच्या तयारीनं गेले होते. त्यांनी ड्रॉवरमधून पातळ कागद आणि खळ काढली आणि फाटलेलं पान कसं जोडायचं ते लेकीच्या हातून करून घेतलं. चिकटपट्टी लावू नका, ती पिवळी पडते आणि कागद खाते, हेही सांगितलं. दंड घेतला नाही. आता फाटलेलं पुस्तक दिसलं की ती स्वतःच त्यांच्याकडे घेऊन जाते.

एक तक्रार उरली आहे, बांधणीची. पुस्तकं टिकावीत म्हणून चार-पाच पातळ पुस्तकं एकत्र शिवून वर तपकिरी रेक्झिन चढवतात. मुखपृष्ठं आत गाडली जातात, दोरीवर असं पुस्तक लावता येत नाही, आणि पाच गोष्टी एकाच मुलाकडे पंधरा दिवस अडकतात. नवीन खरेदीतली पुस्तकं तरी बांधणीला पाठवू नयेत, असा अर्ज दिला आहे. वार्षिक सभेत तो विषय येईल असं चिटणीस म्हणाले. तोवर पुढच्या वर्षाची वर्गणी भरली आहे. आणि एकाच पुस्तकावर भागत नाही म्हणून धाकट्याच्या नावानं दुसरं कार्डही काढलं आहे. त्यासाठी जन्मदाखल्याची प्रत आणि पालकाची सही लागते.