डिझेल पिकअप: अंगणात, मिस्त्रीकडे की सर्व्हिस सेंटरला?

द्राक्षाच्या हंगामात पिकअप दोन दिवस गॅरेजमध्ये अडकली तर काय होतं, हे दिंडोरी-निफाडकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. माल बागेत थांबत नाही आणि त्या दिवसांत भाड्याची गाडी मिळत नाही. म्हणून नवी गाडी घेतलेले बरेच जण विचारतात, देखभालीचं काम घरीच शिकून घ्यावं का? मी गेली काही वर्षं माझ्या पिकअपचं बरंचसं काम अंगणातच करतो. सगळंच मात्र करत नाही.

गाडी वॉरंटीत असेल तर फार विचार नको. ठरलेल्या किलोमीटरला सर्व्हिस सेंटरला जा आणि प्रत्येक बिल फाईलला लावा. इंजिनाचा दावा करायची वेळ आली तर पहिल्यांदा तीच फाईल मागतात. तोवर घरी ऑइलची पातळी, कूलंट, टायरची हवा आणि चाकांचे नट एवढं बघत राहा.

वॉरंटी संपली की खरी निवड सुरू होते. ऑइल बदलायचं काम मी घरीच करावं म्हणेन. मिस्त्रीकडे चार गाड्या रांगेत असतात, ऑइल निथळायला दहा मिनिटं मिळाली तरी पुष्कळ. घरी इंजिन कोमट असताना ड्रेन प्लग काढायचा आणि अर्धा तास तसंच सोडून द्यायचं. प्लगचा वॉशर नवा, फिल्टरच्या रबरी रिंगला बोटाने थोडं ऑइल, आणि फिल्टर हातानेच आवळायचा. काळं ऑइल डब्यात भरून भंगारवाल्याला द्या, बांधावर किंवा नाल्यात ओतू नका. तो नाला शेवटी गोदावरीलाच मिळतो.

ऑइल घेताना मात्र डोळे उघडे ठेवा. १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६, म्हणजे धुराच्या कडक नियमांतल्या गाड्यांपैकी ज्यांना डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर आहे, त्यांना कमी राख सोडणारं ऑइल लागतं. ट्रॅक्टरसाठी आणलेल्या कॅनमधलं उरलेलं ऑइल त्यात घातलं तर राख डीपीएफमध्ये साठत जाते आणि ती जळून जात नाही. मॅन्युअलमधला ग्रेड कॅनवर दिसला तरच कॅन घ्या. आणखी एक, डिपस्टिकवर पातळी वाढलेली दिसली तर खूश होऊ नका. पंचवटी मार्केट यार्ड ते घर अशा छोट्या फेऱ्यांत डीपीएफमधली काजळी जाळण्याचं काम अर्धवट राहतं आणि त्यासाठी सोडलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. अशा ऑइलवर गाडी ओढू नका, ते बदला. डीपीएफचा दिवा नुसता लागला असेल तर पिंपळगावच्या हायवेला वीस-पंचवीस मिनिटं एका वेगात चालवली की बहुतेक वेळा तो विझतो. नाही विझला तर सर्व्हिस सेंटर गाठा, कारण तिथून पुढे स्कॅनर लागतो.

डिझेल फिल्टरखालचं पाणी काढणं तर प्रत्येक मालकाला आलंच पाहिजे. निफाडकडची थंडी तुम्हाला ठाऊक आहे. रात्री अर्ध्या रिकाम्या टाकीत आणि घरच्या ड्रममध्ये दव धरतं, ते पाणी तळाशी बसतं. फिल्टरखालची चावी सैल करून स्वच्छ डिझेल येईपर्यंत सोडायचं, चावी बंद करायची, हातपंप असेल तर तो कडक होईपर्यंत मारायचा. पाच मिनिटांचं काम, पण ते टाळलं तर गंज थेट पंप आणि इंजेक्टरपर्यंत जातो.

पाट्यांच्या, म्हणजे मागच्या लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगच्या शॅकलला (चेसिसला जोडणाऱ्या कडीला) आणि मागच्या चाकांना ताकद नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसला (सांध्याला) जिथे निपल आहेत तिथे जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत ग्रीस गन मारायची. कांद्याच्या दिवसांत रेडिएटरची जाळीही बघा. लासलगावच्या आवारात आठवडाभर फिरलेल्या माझ्या गाडीच्या जाळीत पापुद्र्यांचा थर बसला होता आणि मी थर्मोस्टॅटला दोष देत होतो. पाणी मागून पुढे, हलक्या दाबाने मारायचं. कूलंट कमी असलं तर बोअरचं पाणी घालू नका, त्यातल्या क्षारांची आत खपली धरते. आणि गाडीखाली शिरताना नुसत्या जॅकवर कधीच विश्वास ठेवू नका. खाली घोडी, म्हणजे गाडी पेलणारा लोखंडी स्टँड लावलेला नसेल तर शिरायचं नाही.

इथे अंगणाची हद्द संपते. कॉमन रेल इंजिनात, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच नळीतून दाबाखाली डिझेल देणाऱ्या आजच्या इंजिनात, डिझेलचा दाब १,००० बारच्या वर जातो. चालू इंजिनाचा पाइप सैल करून हवा काढायची जुनी सवय इथे जिवावर बेतू शकते, ती बारीक धार कातडीतून आत शिरते. इंजेक्टरचं काम टेस्ट बेंच असलेल्या पंप-नोझलवाल्याकडेच द्या. ब्रेक, क्लच, व्हील बेअरिंग यांना मात्र ओळखीचा मिस्त्री सर्व्हिस सेंटरपेक्षा बरा, असं माझं मत आहे. तो जुना भाग हातात ठेवून दाखवतो, आणि सातपूर-अंबडमध्ये सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांमुळे नाशकात लेथवाल्यांची कमी नाही.

आता बदलांकडे येतो. सगळ्यात जास्त मोह होतो तो मागे जास्तीचा पाटा टाकायचा. मीही टाकला होता. गाडी भरल्यावर बसत नव्हती, मला बरं वाटलं. मग टोमॅटोचे क्रेट भरून कसारा घाट उतरताना पुढच्या चाकांतून जळका वास आला आणि ब्रेक पेडल मऊ पडलं. खालच्या गिअरवर गाडी कशीबशी बाजूला घेतली. कारण नंतर कळलं. अनेक पिकअपना मागच्या अॅक्सलला जोडलेला एक ब्रेक व्हॉल्व्ह असतो. मागची बाजू किती बसली यावरून तो वजन ओळखतो आणि तेवढा ब्रेक मागे पाठवतो. पाटा वाढवला की गाडी बसतच नाही, व्हॉल्व्हला ती रिकामी वाटते, आणि सगळा भार पुढच्या ब्रेकवर येतो. वजन चेसिसलाही सोसावं लागतं, तिची ताकद पाट्याने वाढत नाही. मी तो पाटा दुसऱ्याच दिवशी काढला. माल खरंच जास्त असेल तर दोन फेऱ्या करा किंवा मोठी गाडी घ्या. ओव्हरलोडचा दंड २०,००० रुपयांपासून सुरू होतो आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये वेगळे.

ईजीआर (धुराचा काही भाग पुन्हा इंजिनात फिरवणारी यंत्रणा) बंद करणं, डीपीएफ कापणं, चिप बसवून ताकद वाढवणं, हे तिन्ही करू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली आरसीतल्या नोंदीशी न जुळणारा बदल चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं. मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. मोठे टायर आणि पुढचा लोखंडी गार्ड यांच्याही वाटेला जाऊ नका.

हौद्यात जाड रबरी मॅट, रिव्हर्स कॅमेरा, मापाची चांगली ताडपत्री, एवढं निर्धास्त करा. कॅमेऱ्यासाठी कंपनीची वायर मधेच सोलून जोड देऊ नका. फ्यूज घालून वेगळी वायर ओढा आणि ती सायलेन्सरपासून लांब बांधा.