काळ्या रंगाखालचे जुने पाटे

गॅरेजमधून पिकअप बाहेर आली तेव्हा मागून चांगली चार बोटं उंच उभी होती. शॉकअप काळेभोर, पाट्यांवर, म्हणजे गाडीचं वजन झेलणाऱ्या कमानदार पोलादी पट्ट्यांवर, ताजा रंग, बिलावर ‘कमानपाटे सेट, शॉकअप 4, बुश 8, यू-बोल्ट 8, सर्व नवीन’. दीड महिन्यात मागचं डावं अंग बसलं आणि पुण्याजवळ कात्रजच्या जुन्या घाटात गाडी वळणावळणाला झोके खाऊ लागली. चारही चाकांवर पाटे असलेली जुनी महिंद्रा. सगळं खोलल्यावर जे निघालं ते असं.

पाटे नवे नव्हतेच. जुन्यांनाच गॅसच्या ज्योतीने लाल करून, ठोकून कमान दिलेली. वायर ब्रश मारला की मधोमध काळा पापुद्रा सुटतो आणि त्याच्या कडेला निळसर पट्टा दिसतो, ती त्याची खूण. पाट्याचं पोलाद असं तापवून हवेत गार केलं की त्याचं पाणी, म्हणजे दाबून परत उसळायची ताकद, उतरतं. नीट करायचं तर अख्खा पाटा भट्टीत साधारण 900 अंशांपर्यंत सारखा तापवून तेलात बुडवायचा आणि मग 400 ते 500 अंशांवर पुन्हा तापवायचा. गॅरेजच्या दारात बसून हे होत नाही. पाणी उतरलेला पाटा काही आठवडे उंची धरतो, मग सपाट होतो, नाहीतर ठोकलेल्या जागीच तडकतो. वर एक आखूड पाटा जास्तीचा घुसवलेला होता. त्याने गाडी कडक लागते आणि मालकाला तोच कडकपणा ‘नवं सस्पेन्शन’ वाटतो. सगळी लबाडी या एका समजुतीवर चालते. म्हणून गाडी देण्याआधी प्रत्येक कमानीतले पाटे मोजा आणि सपाट जागेवर चारही चाकांशी, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर टेपने घेऊन लिहून ठेवा.

शॉकअप धुऊन रंगवलेले. घाईत रंगवणारा जोडातल्या रबरी बुशवरही फवारा मारतो, आणि नव्या मालाच्या रबरावर रंग सहसा नसतो. दांडीवरून नख फिरवा. गंजाचे बारीक खड्डे लागले तर तेच सील कापतात आणि तेल गळतं. साधा तेलाचा शॉकअप उभा धरून पाच-सहा वेळा पूर्ण दाबा, पूर्ण ओढा. सुरुवातीला हवेमुळे पोकळ लागेल, पण नंतरही मधेच हात रिकामा गेला तर आत तेल कमी आहे. (नवा बसवतानाही हे दाबणं-ओढणं करायचं असतं, बहुतेक जण करत नाहीत.) पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी वापरलेला माल वापरलेला म्हणून मिळतो, त्यात वावगं काही नाही. तो नव्याच्या भावात गाडीला लागतो, तिथे फसवणूक. नाना पेठेतल्या पार्टच्या दुकानांतून नव्या मालाची खोकी स्वतः आणा, नाहीतर निदान आपल्यासमोर फोडायला लावा.

बुशची लबाडी बिलातच होती, फक्त मोजली नव्हती. एका कमानीला बुशच्या तीन जागा: पुढचा डोळा (पाट्याच्या टोकाची गोल वळी), मागचा डोळा आणि शॅकलचं, म्हणजे मागचा डोळा चेसिसला जोडणाऱ्या झुलत्या पट्टीचं, चेसिसकडचं टोक. चार कमानींच्या बारा. बिलात आठ. चेसिसमधले चार बुश गंजून बसलेले असतात, काढायला घाम निघतो, म्हणून ते सोडून दिले जातात आणि नव्या आठांनाही लवकर खाऊन टाकतात.

कमान ॲक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट जुनेच, आटे ताणलेले. ते पुन्हा वापरायचे नसतात. ढिले पडले की पाटे मधोमध एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टवर ताण येऊन तो कापला जातो, आणि ॲक्सल जागचा सरकतो.

बसवतानाची एक चूक मात्र लबाडीची नाही, आळसाची. रबरी बुशचे बोल्ट गाडी जॅकवर लटकत असताना आवळले, तर गाडी खाली उतरताच रबर पिळलं जातं आणि लवकर फाटतं. चाकं जमिनीवर, वजन पाट्यांवर, मग शेवटचं आवळणं. यू-बोल्ट 500 किलोमीटरनंतर पुन्हा तपासायचे.

काढलेले सगळे भाग पोत्यात भरून परत द्यायचे, हे काम ठरवतानाच कबूल करून घ्या. ‘भंगारवाला घेऊन गेला’ असं उत्तर आलं तर पैसे देण्याआधी गाडी तिथेच पुन्हा जॅकवर चढवायला लावा. पक्कं बिल भागवार, नग लिहून घ्या. ते हातात असेल तर ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवता येते. ग्राहक आयोगाकडे जायला दोन वर्षांची मुदत असते.