शिष्यवृत्तीचा उतारा: क्लास लावायचा, संच सोडवायचे की घरी वाचून घ्यायचं?

गेल्या रविवारी सानपाड्याहून नणंदेचा फोन आला. तिच्या लेकीची शिष्यवृत्तीची परीक्षा पुढच्या वर्षी आहे. म्हणाली, "वहिनी, गणिताचं मला टेन्शन नाही, बुद्धिमत्ता पण जमते तिला, पण उताऱ्यात मार्क जातात, इथे सगळ्यांनी मुलं क्लासला घातलीत, मी पण घालून टाकू का?" फोनवर अर्धा तास बोलले तरी सगळं सांगून झालं नाही. आणि हाच प्रश्न दरवर्षी जून उजाडला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर पण येतो, म्हणून म्हटलं नीट लिहूनच काढू. मी कळव्याला राहते. मोठ्या मुलीला क्लास लावला होता, धाकट्याचं घरीच करून घेतलं, आणि चार वर्षं झाली संध्याकाळी बिल्डिंगमधली पाच-सहा मुलं माझ्याकडे अभ्यासाला बसतात, तर जे सांगतेय ते डोळ्यासमोर बघितलेलं आहे.

आधी पेपर कसा असतो ते बघू, कारण बऱ्याच पालकांना तेच नीट माहीत नसतं आणि डायरेक्ट फीची चौकशी सुरू होते. शिष्यवृत्ती आमच्या वेळी चौथी-सातवीला असायची, २०१६-१७ पासून पाचवी-आठवीला गेली, आता परत चौथी-सातवीकडे येतेय. पाचवीचा पेपर एक म्हणजे प्रथम भाषा २५ प्रश्न आणि गणित ५० प्रश्न, मिळून ७५ प्रश्न, १५० मार्क, वेळ ९० मिनिटं. पेपर दोनमध्ये तृतीय भाषा आणि बुद्धिमत्ता, तेवढेच प्रश्न आणि तेवढाच वेळ. हिशोब केला तर एका प्रश्नाला ७२ सेकंद, आणि त्यातच उतारा वाचायचा. भाषेत नुसता उतारा नसतो, कविता असते, संवाद असतो, जाहिरात किंवा बातमी असते, शिवाय म्हणी, वाक्प्रचार, व्याकरण. निगेटिव्ह मार्किंग नाही. आठवीला मात्र काही प्रश्नांचे दोन पर्याय बरोबर असतात आणि दोन्ही गोल रंगवले तरच मार्क मिळतात, तिथे अंदाजपंचे काम अजिबात चालत नाही.

आता क्लास. मोठीला लावला तो ठाणे स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर होता. चांगली बाजू आधी सांगते कारण ती खरी आहे: दर शनिवारी टेस्ट व्हायची, ओएमआर शीट, म्हणजे गोल रंगवायची उत्तरपत्रिका, भरायची सवय झाली, घड्याळ लावून पेपर पूर्ण करायला ती तिथेच शिकली. घरी मी दहा वेळा सांगून ऐकलं नसतं ते सरांनी एकदा सांगितलं की ऐकायची. पण उतारा शिकवायची त्यांची पद्धत एकच होती, आधी प्रश्न वाचा, प्रश्नातला मुख्य शब्द पकडा, तो उताऱ्यात शोधा, त्याच्या आजूबाजूला उत्तर असतं. पहिल्या दीड-दोन महिन्यांत मार्क वाढले पण, आम्ही खूश. मग तिथेच अडकले. दिवाळीनंतर तर दर आठवड्याला नवीन उतारे, चुका त्याच, आणि क्लासमध्ये उत्तरं वाचून दाखवायचे, एक नंबरचं तीन, दोन नंबरचं एक, की झालं. का चुकलं हे कोणी विचारायचं नाही. चाळीस मुलं असल्यावर एकेकाला कोण विचारणार, हेही मला कळतं.

हे माझ्या लक्षात कसं आलं ते सांगते. एक दिवस मी दोघांना बसवून चार ओळींचा उतारा स्वतःच लिहून दिला, मिठागराचा. भरतीचं पाणी मोठ्या कप्प्यात घेतात, तिथून छोट्या वाफ्यांत सोडतात, उन्हाने पाणी आटत जातं आणि पांढरा थर दिसायला लागतो, मध्येच अवकाळी पाऊस आला तर महिन्याभराची मेहनत वाया जाते. प्रश्न: अवकाळी पावसाने मेहनत वाया का जाते? पर्याय दिले, कामगार सुट्टीवर जातात, मीठ विरघळतं, भरती येत नाही, वाफे उन्हाने तडकतात. मोठीने क्लासमध्ये शिकवल्याप्रमाणे "मेहनत" शब्द शोधला, ती ओळ दोनदा वाचली, तिथे कारण नाहीच लिहिलेलं, मग वरच्या ओळीत "उन्हाने" दिसलं आणि तिने वाफे तडकतात ला गोल केला. धाकटा तिच्यापेक्षा तीन वर्षांनी लहान, वाचायला पण स्लो, पण तो लगेच म्हणाला मीठ विरघळणार ना, पाणी पडलं तर. त्याला ते का आलं? मुलुंड-भांडुपकडून हायवेने जाताना मिठागरं दिसतात, त्याच्या बाबांनी एकदा गाडीतच समजावलं होतं की ते पांढरे ढीग कसले. मोठी त्या वेळी झोपली होती. एवढाच फरक.

त्या दिवसापासून मी उताऱ्याकडे वेगळ्या नजरेने बघायला लागले. लिहिणारा सगळं लिहीत नाही, अर्धं वाचणाऱ्याला माहीत असेल असं धरून चालतो, आणि ते अर्धं मुलाच्या डोक्यात नसेल तर शब्द शोधून काहीच हाती लागत नाही. यावर अमेरिकेत १९८८ साली रेक्ट आणि लेस्ली या दोघींनी एक प्रयोग केला होता. सातवी-आठवीची ६४ मुलं, त्यांना बेसबॉलच्या एका डावाचा उतारा वाचायला दिला आणि जे वाचलं ते छोट्या बाहुल्या पटावर हलवून दाखवायला सांगितलं. ज्यांचं वाचन कच्चं होतं पण बेसबॉल कळत होतं, त्या मुलांनी वाचनात हुशार पण खेळ न कळणाऱ्या मुलांपेक्षा चांगलं करून दाखवलं. आपल्याकडे बेसबॉल काढा आणि कबड्डी घाला. बोनस लाइन, सुपर टॅकल हे शब्द आले की मॅच बघणारं पोरगं पटकन वाचून मोकळं होतं आणि बाकीची तीच ओळ परत परत वाचत बसतात. डॅनियल विलिंगहॅम नावाचे एक मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांचंही म्हणणं असंच आहे की वाचनाच्या युक्त्या शिकवल्याने फायदा होतो, पण तो थोड्या सेशनमध्येच मिळून जातो, तेच अजून महिनोन्‌महिने केलं म्हणून फारसा वाढत नाही. मोठीचे मार्क दोन महिन्यांनी का थांबले ते मला इथे समजलं.

दुसरा मार्ग, सराव संच आणून घरी सोडवून घ्यायचे. पैशाच्या हिशोबाने सगळ्यात स्वस्त, आणि मागच्या वर्षांचे पेपर तर राज्य परीक्षा परिषदेच्या वेबसाइटवर मिळतातच, प्रिंट काढायच्या फक्त. मी म्हणेन बाजारातल्या दहा संचांपेक्षा हे जुने पेपर आधी सोडवा, कारण परीक्षेची भाषा, पर्यायांची ठेवण खरी तीच. संचांमध्ये कधीकधी उताराच इतका भोंगळ असतो की दोन उत्तरं बरोबर वाटतात, उत्तरसूचीत तिसरंच असतं, आणि मूल बिचारं स्वतःला दोष देतं. असं झालं की मी सरळ सांगते, प्रश्न चुकलाय, पुढे चल.

पण संच सोडवून घ्यायचे म्हणजे नुसतं तपासायचं नाही. आमच्याकडे एक दोनशे पानी वही आहे, चुकीची वही. प्रत्येक चुकलेल्या प्रश्नापुढे मुलाने स्वतः एक शब्द लिहायचा: शब्दार्थ, म्हणजे शब्दच माहीत नव्हता. घाई, म्हणजे "नाही" किंवा "चूक विधान ओळखा" वाचलंच नाही. कोण, म्हणजे "त्याने", "ती" कोणासाठी आलंय ते कळलं नाही. आणि माहिती, म्हणजे विषयच परका होता. महिनाभराने पानं उलटून बघा, मूल कुठे अडतंय ते समोर दिसतं. माझ्याकडे एक मुलगा होता, त्याच्या वहीत पानंच्या पानं "घाई". त्याला ना क्लास लागत होता ना वाचन, त्याला फक्त "नाही" शब्दाखाली पेन्सिलने रेघ मारायची सवय लावली आणि तीन आठवड्यांत फरक पडला. ज्या वहीत "माहिती" आणि "शब्दार्थ" जास्त दिसतात तिथे मात्र संच कितीही सोडवा, ताप किती आहे ते थर्मामीटर दाखवेल, औषधाचं काम त्याच्याकडून होणार नाही.

आता तिसरा, घरी वाचन. माझं मत याच बाजूला आहे हे लपवत नाही, पण यात कष्ट आहेत तेही सांगते. रिझल्ट लवकर दिसत नाही. शनिवारच्या टेस्टचे मार्क हातात येतात तसं इथे काही येत नाही, दोन-तीन महिने वाटतं की आपण चुकतोय का. आणि ज्या घरात आई-बाबा दोघं सातची लोकल पकडून रात्री आठला येतात तिथे रोज मुलाजवळ बसणं किती अवघड आहे ते मला माहितीये. म्हणून वीस मिनिटंच धरा, पण रोज. दहा मिनिटं मुलाने मोठ्याने वाचायचं, पाच मिनिटं तुम्ही वाचून दाखवायचं, उरलेली पाच मिनिटं गप्पा, परीक्षा घेतल्यासारखे प्रश्न नाहीत, "हे असं का झालं असेल रे" एवढंच.

आणि फक्त गोष्टी नको. बहुतेक घरात वाचन म्हणजे गोष्टी, पण परीक्षेतले बरेच उतारे माहितीचे असतात, पक्षी, शोध, किल्ला, एखाद्या समाजसुधारकाचं बालपण, पाणी वाचवा. बालभारतीचं किशोर मासिक १९७१ पासून निघतंय, त्याचे जुने अंक ऑनलाइन फुकट वाचता येतात, त्यात दोन्ही प्रकारचं मिळतं. ठाण्यात राहत असाल तर मराठी ग्रंथ संग्रहालय आहे, १८९३ सालचं, मुलाला एकदा नुसतं आत फिरवून आणा. आणि पुस्तकाबाहेरचं पण मोजा. मी पाचही मुलांना एकदा ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रात नेलं होतं, खारफुटी जवळून बघितली, हवेत वर आलेली मुळं बघितली, फ्लेमिंगो गुलाबी का होतात ते तिथे कळलं, शेवाळ आणि छोटी कोळंबी खातात म्हणून. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ ला जाहीर झालं आणि २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आलं, हे घरी आल्यावर पेपरातल्या कात्रणात वाचलं. पुढे सराव पेपरमध्ये पाणथळ जागांचा उतारा आला, "पाणथळ", "अधिवास", "स्थलांतर" असे जड शब्द, बाकी मुलं अडखळली, ही पाच नाही अडखळली. तिथे कोणालाही युक्ती शिकवलेली नव्हती.

इंग्लिश मीडियमवाल्यांचा प्रश्न थोडा वेगळा आहे आणि नवी मुंबईत तीच मुलं जास्त. त्यांची प्रथम भाषा इंग्लिश असते आणि मराठी तृतीय भाषा म्हणून येते, घरी मराठी फाडफाड बोलतात पण वाचताना अक्षराला अक्षर जोडत जातात. एक सोपी तपासणी करा, मुलाला पाचवीच्या पुस्तकातलं एक पान मोठ्याने वाचायला लावा. "दृष्टिकोन", "प्रतिष्ठा", "वैशिष्ट्य" अशा जोडाक्षरांपाशी दर ओळीला थांबत असेल तर क्लास पण नको आणि संच पण नको, आधी दोन-तीन महिने नुसतं मोठ्याने वाचन. सगळी ताकद अक्षरं जुळवण्यात गेली तर अर्थ लावायला डोक्यात जागाच उरत नाही.

नवोदयची, म्हणजे केंद्र सरकारच्या निवासी शाळांच्या प्रवेशाची, तयारी करत असाल तर हे अजूनच महत्त्वाचं. सहावीच्या प्रवेश परीक्षेत ८० प्रश्न, १०० मार्क, दोन तास, आणि त्यातली भाषा म्हणजे चार उतारे, प्रत्येकावर पाच प्रश्न, २५ मार्क, त्यासाठी ३० मिनिटं. एका उताऱ्याला साडेसात मिनिटं. तिथे उतारा म्हणजेच भाषेचा पेपर आहे.

खर्चाचं फार लांबवत नाही. क्लासची फी बहुतेक ठिकाणी एकदम भरून घेतात, वर जाण्यायेण्याचा वेळ, रिक्षा, पावसाळ्यात स्टेशनजवळची गर्दी. मोठीचे रोजचे दीड-दोन तास त्यात जायचे, वाचायला वेळच उरायचा नाही, हे मला सगळ्यात जास्त लागलं. संच दोन-चारशे रुपयांत होतात. लायब्ररीची वर्गणी त्याहून फार वेगळी नसते.

मग क्लास कोणी लावायचा? घरी कोणीच बसू शकत नाही, मूल एकटं असलं की पेपर उघडतच नाही, किंवा गणित-बुद्धिमत्तेसाठी तसाही लावायचाच आहे, तर लावा. पण जाऊन विचारा की चुकलेल्या प्रश्नावर चर्चा करता का आणि एका बॅचमध्ये मुलं किती, आणि एक तास बसून बघू देतात का ते पण बघा. मूल आधीपासून भरपूर वाचतं पण पेपर वेळेत संपत नाही, तर क्लासचे पैसे वाचवा, जुने पेपर घड्याळ लावून सोडवा. आणि माझ्या भाचीसारखी मुलगी असेल, जिला गणित येतं, बोलते छान, पण घरात शाळेच्या पुस्तकाशिवाय छापील कागद नाही, तिला जूनपासून दिवाळीपर्यंत वाचन, दिवाळीनंतर आठवड्याला दोन जुने पेपर आणि चुकीची वही, जानेवारीत दर रविवारी सकाळी पूर्ण ९० मिनिटांचा पेपर ओएमआर शीटवर.

नणंदेला मी हेच सांगितलं. ती म्हणाली रोज वीस मिनिटं तरी कशी काढू, तर ठरलं असं की मंगळवार-गुरुवार माझ्या सासूबाई व्हिडिओ कॉलवर भाचीचं वाचन ऐकणार, त्यांना डोळ्यांमुळे स्वतः वाचता येत नाही, त्यामुळे त्यांना पण हवंच आहे कोणीतरी वाचून दाखवणारं. बाकीचे दिवस तिचे बाबा. पहिल्या दिवशी भाचीने वर्तमानपत्रातली पाणीकपातीची बातमी वाचली आणि आजीला "म्हणजे मोरबे धरणाचं पाणी आमच्याकडे येतं का" असं विचारलं. आजीने फोनवरच मला हाक मारली, हिला उत्तर दे म्हणून.