पावसाळ्यापासून बातम्या रेडिओवर: वापरानंतरचा अनुभव

सोलापुरात शालेय गणवेश शिवण्याचा आमचा छोटा कारखाना आहे, जुने विडी घरकुल भागात. या कामात हात कापडात गुंतलेले असतात आणि डोळे सुईवर. मोकळे असतात ते कान. तरी गेली काही वर्षं आमच्याकडे बातम्या यायच्या त्या फोनच्या पडद्यावरून. कुणीतरी व्हिडिओ लावायचं, चार जणी मशीन थांबवून बघायच्या, आणि पाच मिनिटांनंतर विचारलं की झालं काय, तर नीट सांगता कुणालाच यायचं नाही. मोठमोठी अक्षरं, ओरडणारा माणूस आणि तेच दृश्य परत परत.

गेल्या जूनमध्ये शाळा सुरू झाल्या, गणवेशांची घाई ओसरली. तेव्हा मी ठरवलं की कारखान्यात आणि घरात बातम्या आकाशवाणीच्या ऐकायच्या. फोनवरच्या वृत्तवाहिन्यांची नोटिफिकेशन बंद केली, ग्रुप म्यूट केले. पावसाळा, दिवाळी, थंडी असं सगळं त्यावर काढलं. अजूनही तेच चालू आहे, म्हणून आता सविस्तर लिहिते.

साधनं दोन. एक, सेलवर आणि विजेवर चालणारा साधा एफएम सेट. दुसरं, आकाशवाणी आणि दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीचं न्यूजऑनएअर हे अ‍ॅप. आकाशवाणीच्या २४०हून जास्त सेवा त्यावर थेट ऐकता येतात, पैसे लागत नाहीत. फोनमध्ये एफएम असेल तर तेही चालतं, पण इअरफोनची वायर अँटेनाचं काम करते, ती लावावीच लागते. नव्या फोनमधून एफएम गायब होत चाललं आहे. २०२३ साली केंद्राच्या माहिती तंत्रज्ञान मंत्रालयानं फोन कंपन्यांना एफएमची सोय चालू ठेवा असा सल्ला दिला होता, आणि त्यामागे आपत्तीच्या वेळचाही विचार होता. त्या सल्ल्याचं मोल मला सप्टेंबरात कळलं. ते पुढे येईलच.

सकाळी ७ वाजून ५ मिनिटांनी पुणे केंद्राच्या प्रादेशिक बातम्या. संध्याकाळी ७ ला मुंबईच्या. देशाच्या बातम्या हव्या असतील तर सकाळी ८ ला हिंदी, सव्वाआठला इंग्रजी. माझा कणा म्हणजे ७ वाजून ५ मिनिटांचं बातमीपत्र. दहा मिनिटांचं. आधी ठळक बातम्या, मग विस्तार, शेवटी पुन्हा ठळक बातम्या, आणि संपलं. संपतं, हे मला सगळ्यात जास्त आवडलं. फोनवरची बातमी संपतच नाही. एक व्हिडिओ झाला की दुसरा आपोआप सुरू होतो, आणि तो पहिल्यापेक्षा चढ्या आवाजाचा असतो. इथे दहा मिनिटांत राज्यभरातल्या घडामोडी कानावरून जातात आणि सव्वासातला मी कणीक मळायला घेते. सुरुवातीचे काही दिवस चुकल्यासारखं व्हायचं, हात आपोआप फोनकडे जायचा. गणपतीपर्यंत ते गेलं.

वृत्तनिवेदकांची भाषा हा वेगळाच आनंद आहे. वाक्य पूर्ण होतं. कोण बोललं, कुठे बोललं, कधी बोललं, हे त्याच क्रमानं येतं. माझी मुलगी नववीत आहे. निबंधात तिची वाक्यं अर्धवट असायची, ती आता बरीच सुधारली आहेत. श्रेय रेडिओचं की शिक्षिकांचं ते मी सांगू शकत नाही, पण बातम्या लागल्या की ती गप्प बसून ऐकते हे खरं.

आता अशी एक गोष्ट, जी सोलापूरच्या माणसालाच पटकन उमगेल. आमच्याकडे काजं-बटणाचं काम करणाऱ्या एक अम्मा आहेत. आयुष्यभर विड्या वळल्या, आता बोटं दुखतात म्हणून हे हलकं काम. मराठी उत्तम बोलतात, पण घरची भाषा तेलुगू. पद्मशाली समाज पिढ्यान्‌पिढ्या इथल्या मागांवर आला, तशीच ही घरं. कटिंग करणाऱ्या काकू अक्कलकोटकडच्या, त्या घरात कन्नड बोलतात. अ‍ॅपवर हैदराबाद केंद्र लावलं तर अम्मांना तेलुगूत बातम्या मिळतात, धारवाड लावलं तर काकूंना कन्नडमध्ये. मी पहिल्यांदा हैदराबाद लावलं तेव्हा अम्मा म्हणाल्या, "एवढं सगळं कळतंय की मला! फोनवरचं ते भांडण कधी कळायचंच नाही." दुपारच्या जेवणात आता पाळ्या लागतात, आज कुणाची भाषा. एका सोलापुरी कारखान्यात तीन भाषांतल्या बातम्या फुकट, जाहिरातबाजीच्या गोंगाटाशिवाय ऐकायला मिळतात, ही मला फार मोठी सार्वजनिक सेवा वाटते. 'बहुजन हिताय, बहुजन सुखाय' हे आकाशवाणीचं ब्रीद अशा वेळी खरं वाटतं.

सप्टेंबर २०२५. सीनेला पूर आला. करमाळा, माढा, मोहोळ, उत्तर आणि दक्षिण सोलापूर, नदीकाठच्या गावांत पाणी शिरलं. लांबोटीजवळ पाणी आल्यानं पुण्याचा महामार्ग बंद झाला. आमच्याकडच्या दोघींची माहेरं मोहोळ तालुक्यात. त्या दिवसांत म्यूट केलेले ग्रुप मी पुन्हा उघडले, कारण काळजीच तशी होती. आणि त्या ग्रुपमध्ये काय यावं? कुठल्यातरी धरणाचा बांध फुटल्याचा व्हिडिओ. खाली लिहिलेलं, 'उजनी, आत्ताचा'. एक जण रडायलाच लागली. व्हिडिओत भोवती हिरवे डोंगर होते. उजनी ज्यांनी पाहिली आहे त्यांना सांगायला नको की तिथे असे डोंगर नाहीत. पण रडणाऱ्या बाईनं डोंगर बघायचे कधी?

मी सेट लावला. बातमीपत्रात तालुक्यांची नावं होती, विसर्ग किती क्युसेक ते होतं, लोकांना हलवण्याचं काम कुठे सुरू आहे आणि प्रशासनाचं आवाहन काय, ते होतं. बांध फुटल्याचं काही नव्हतं. तिला जवळ बसवून ऐकवलं. त्या रात्री आमच्या भागात वीज गेली, फोनच्या बॅटऱ्या उतरत चालल्या, आणि सेलवरचा सेट तेवढा चालू राहिला. एफएमला इंटरनेटचा मनोरा लागत नाही, डेटा लागत नाही. पुराच्या रात्री याला पर्याय नाही.

पण तेवढंच सांगून थांबले तर अनुभव अर्धा राहील. लांबोटीचा रस्ता दुपारी सुटला का, कुठल्या बाजूनं वळवला आहे, मोहोळच्या शाळेचा माल आज निघेल का, हे सकाळी ७ वाजून ५ मिनिटांचं बातमीपत्र सांगू शकत नाही. ते मला कळलं एका स्थानिक पत्रकाराच्या व्हिडिओतून. पुलाजवळ उभं राहून, स्वतःचं नाव आणि वेळ सांगून तो बोलत होता. त्या मुलाचा मला आदर वाटतो. म्हणजे इंटरनेटवरची बातमी वाईट आणि रेडिओवरची चांगली, अशी वाटणी माझ्या मनात नाही. बातमीखाली नाव असलेला माणूस आहे का, एवढंच मी बघायला शिकले.

याला मी एवढं महत्त्व का देते? १ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात जमावानं पाच जणांना ठार मारलं. मुलं पळवणारी टोळी आली आहे, अशा व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरलेल्या अफवांमुळे. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजातले भिक्षेकरी होते आणि त्यातले बहुतेक आपल्या मंगळवेढा तालुक्यातले. ती प्रेतं याच जिल्ह्यात परत आली. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा आणली. फॉरवर्ड केलेल्या ओळीला मालक नसतो. आकाशवाणीच्या प्रत्येक ओळीला असतो, आणि चूक झाली तर विचारायला दार असतं.

सवयी मात्र दुसरीकडेच चालल्या आहेत. रॉयटर्स इन्स्टिट्यूटच्या २०२४च्या पाहणीत भारतात बातम्यांसाठी यूट्यूब वापरणारे ५४ टक्के होते आणि व्हॉट्सअ‍ॅप वापरणारे ४८ टक्के. ती पाहणीही इंग्रजी जाणणाऱ्या, इंटरनेटवर असलेल्या लोकांची. माझा भाचा पुण्यात शिकतो, त्याला रेडिओ म्हणजे गाडीतली गाणी एवढंच माहीत. खाजगी एफएमला स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी नाही, ते फार तर आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा लावू शकतात. त्यामुळे बातम्या रेडिओवर असतात हेच त्याच्या पिढीला कुणी सांगितलेलं नाही. प्रसार भारतीनं नोव्हेंबर २०२४ मध्ये वेव्हज हे अ‍ॅप आणलं, त्यात दूरदर्शनही आहे. भाच्याला ते दाखवलं, त्यानं जुन्या मालिका बघितल्या.

आता उणिवा. सरकारचं ऐकवण्याकडे कल जास्त. योजना, उद्घाटनं, मंत्र्यांची भाषणं पुढे. त्या योजनेचे पैसे न मिळालेली बाई मागे, किंवा नाहीच. प्रसार भारतीचा कायदा १९९० चा, अंमल १९९७ पासून, हेतू स्वायत्ततेचा. पण पैसा मुख्यतः सरकारी तिजोरीतून येतो, आणि ते ऐकू येतं. हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्ये सांगून ठेवलं आहे. सार्वजनिक म्हणजे सरकारी नव्हे. म्हणून माझ्या घरी 'संचार' येतोच, आणि सरकारला अडचणीचे प्रश्न मी तिथे आणि इतर वर्तमानपत्रांत वाचते. फक्त रेडिओवर राहा असं मी कुणालाही सांगणार नाही.

दुसरी उणीव मला जास्त टोचते. सोलापुरात आकाशवाणीचं केंद्र आहे, पण प्रादेशिक वृत्त विभाग राज्यात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला. आपली बातमी पुण्याला जाते, तिथल्या दहा मिनिटांत जागा मिळाली तर परत येते. दहा मिनिटांत साखर कारखान्यांचं आंदोलन बसतं. आपल्या भागात पाणी उद्या येणार की परवा, हे बसत नाही. आणि सोलापूरकराला रोज सकाळी हवी असलेली पहिली बातमी पाण्याचीच असते.

आहे तेही हातातून जाऊ शकतं. जून २०२३ मध्ये पुण्याचा वृत्त विभाग बंद करून सकाळचं बातमीपत्र संभाजीनगरहून द्यायचा निर्णय झाला होता. श्रोत्यांनी, पत्रकारांनी, राजकीय नेत्यांनी विरोध केला आणि केंद्रीय मंत्र्यांना तो थांबवावा लागला.

मला हवं आहे ते सोलापूर केंद्रावरून संध्याकाळी पाच मिनिटांचं आपलं बातमीपत्र. उजनीत किती टक्के, उद्या कुठल्या भागाला पाणी, बाजार समितीत कांद्याचा भाव, बंद रस्ते, सिव्हिलमधल्या सोयी. मराठीत, आणि शेवटची दोन मिनिटं तेलुगू व कन्नडमध्ये. त्यासाठी उपग्रह लागत नाही. जिल्ह्यातला वार्ताहर, एक निवेदक आणि एक संपादक लागतो. तसं पत्र मी केंद्राला पाठवलं आहे, अम्मांनी आणि काकूंनीही सही केली आहे. ऐकणाऱ्यांनी आपापली पाठवावीत. पुण्याचा निर्णय अशाच दबावानं फिरला होता.