नेस्टेड लॉजिट की मिक्स्ड लॉजिट?

कार आणि लाल बस निम्मी-निम्मी वापरात असताना फक्त रंगाने वेगळी निळी बस आली, की साधं लॉजिट, म्हणजे लोक कोणता पर्याय निवडतील याचा अंदाज देणारं मॉडेल, तिघांना 33.3 टक्के देऊन मोकळं होतं. खरं तर निळी बस लाल बसचेच प्रवासी घेईल आणि कारकडे 50 टक्के राहायला हवेत. इथून पुढे मार्ग दोन.

नेस्टेडमध्ये दोन्ही बस एका नेस्टमध्ये, म्हणजे सारख्या पर्यायांच्या गटात टाकायच्या. लॅम्डा सांगतो गटातले पर्याय किती वेगळे: 1 म्हणजे पूर्ण वेगळे, 0 म्हणजे जणू एकच. तो 0.5 आला तर कारकडे 41.4 टक्के राहतात. तो शून्याकडे सरकला तर 50. मिक्स्डसारखं सिम्युलेशन लागत नाही, त्यामुळे सुरुवातीचे आकडे तेच ठेवून मॉडेल कितीदाही चालवा, उत्तर तेच. चुका होतात त्या वाचताना. छापलेला टी-आकडा शून्याशी तुलना करतो, तपासायचं असतं ते लॅम्डा 1 पेक्षा कमी आहे का. शिवाय अपोलो या सॉफ्टवेअरमध्ये लॅम्डा 0 ते 1 मध्ये असतो, तर बायोजीम या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये त्याचा व्यस्त, म्हणजे 1 किंवा त्याहून मोठा.

मिक्स्ड लॉजिट जास्त समर्थ आहे, यात वाद नाही. माणसागणिक बदलणारी आवड आणि एकाच माणसाची अनेक उत्तरं ते नीट हाताळतं. (ड्रॉ, म्हणजे सिम्युलेशनसाठी उचललेले यादृच्छिक आकडे, माणसागणिक धरायचे, उत्तरागणिक नाही, ही चूक सर्रास दिसते.)

मला खटकतो तो मिक्स्डमधला खर्चाचा गुणांक, म्हणजे खर्च वाढला की पर्याय किती नकोसा होतो तो आकडा. माणसागणिक बदलताना त्याचं वितरण नॉर्मल धरलं तर काही लोकांना महाग पर्याय आवडतो असं निघतं, म्हणून बहुतेक जण उणे लॉगनॉर्मल धरतात, म्हणजे तो कायम ऋणच राहतो. मग वेळेचं मूल्य (वेळ वाचवायला माणूस किती पैसे देईल) काढताना तोच गुणांक छेदात येतो. वेळेचा गुणांक स्थिर ठेवला तरी सिग्मा, म्हणजे लॉगनॉर्मलचा विस्तार, 1 असताना मूल्याची सरासरी मीडियनच्या 1.65 पट होते, सिग्मा 1.5 झाला की 3.08 पट. आणि सिग्माच तर ड्रॉ कमी पडले की हलतो. लॉग-लाइकलिहूड (मॉडेल माहितीशी किती जुळतं त्याचं माप) जेमतेम बदलतं आणि अहवालातला मुख्य आकडा मात्र कुठल्या कुठे जातो. कोणता आकडा खरा, हे मग सांगता येत नाही.

म्हणून प्रत्येक पर्यायाचा टक्का किंवा वेळेचं मूल्य एवढंच हवं असेल, तर माझ्या मते नेस्टेड घ्यावं आणि खर्चाला उत्पन्नाशी जोडून आवडीतला फरक बराचसा पकडावा. आवडीचा विस्तार हाच अभ्यासाचा विषय असेल तर अर्थात मिक्स्डच. तेव्हा सुरुवातीचे आकडे साध्या लॉजिटचे द्या, 500, 1000, 2000 असे ड्रॉ दुप्पट करत जा, प्रत्येक टप्प्यावर दोन-तीन सीड (यादृच्छिक आकडे ज्यापासून सुरू होतात ती संख्या) बदलून पाहा, आणि सरासरीऐवजी मीडियन छापा.