दमट हवेतला गोल्फ: गळ्यातला पंखा, प्रॅमचा पंखा आणि बर्फाचा डबा

आधी निकाल सांगतो, म्हणजे घाईत असलेल्यांना पुढचं वाचायला नको. मुंबई, नवी मुंबई किंवा एकूणच किनारपट्टीवर एप्रिल-मे महिन्यात गोल्फ खेळत असाल तर पैसे आधी बर्फाच्या डब्यावर घाला, मग बग्गीत (मैदानावर फिरायच्या छोट्या गाडीत) अडकवायच्या पंख्यावर, मग छत्रीवर. गळ्यात घालायचा पंखा हौस असेल तर घ्या. आणि 'कूलिंग टॉवेल' नावाची वस्तू पुण्यात वापरणार असाल तरच.

मी निवृत्त मरीन इंजिनियर. नोकरीचा बराच काळ आखाताच्या फेऱ्यांवर काढला. तिथे उन्हाळ्यात समुद्राचं पाणीच 33-34 अंशांना पोचलेलं, मग त्या पाण्यावर गार होणाऱ्या इंजिन रूमची काय कथा! तिथे एक गोष्ट अंगात मुरली. घाम गाळणं सोपं, तो वाळवणं अवघड. म्हणून आम्ही सगळे ब्लोअरच्या तोंडाखाली जागा धरून उभे असायचो. आता खारघरच्या सिडकोच्या मैदानावर खेळतो. डोंगराच्या कुशीतली सुरेख जागा आहे, पण मे महिन्यात साडेनऊनंतर तिथल्या हिरवळीतून जी वाफ येते ती मला इंजिन रूमच्या पहिल्या मजल्यासारखी वाटते.

आता वस्तूंकडे वळू. सगळ्या मी स्वतःच्या पैशाने घेतल्या आहेत. बायकोला किंमत कमी करून सांगितली, तो भाग वेगळा.

कूलिंग टॉवेल. पाकिटावर बर्फाच्छादित शिखराचं चित्र, आणि पाण्यात बुडवून झटकलं की क्षणात गार होतो असा दावा. दावा खोटा नाही, अर्धवट आहे. ओलं कापड पाण्याच्या बाष्पीभवनाने गार होतं आणि ते कुठवर गार होईल हे हवा ठरवते, कंपनी नाही. जहाजाच्या ब्रिजवर, म्हणजे जहाज जिथून चालवतात तिथे, दोन थर्मामीटर शेजारी शेजारी असतात, एकाच्या टोकाला ओलं कापड गुंडाळलेलं. त्या ओल्या थर्मामीटरवर जो आकडा दिसतो, त्याच्याखाली जगातला कुठलाही ओला टॉवेल जाऊ शकत नाही. एप्रिलच्या दुपारी पुण्यात हवा 38 अंश आणि आर्द्रता 20 टक्के असली तर हा आकडा साधारण 21 येतो. त्याच वेळी आमच्याकडे 33 अंश आणि 70 टक्के असले तर तो 28 येतो. म्हणजे आमच्याकडे तापमान पाच अंशांनी कमी, आणि टॉवेल मात्र सात अंशांनी गरम. येरवड्याच्या मैदानावर हाच टॉवेल मानेवर घेतला तेव्हा खरंच हुडहुडीसारखं काहीतरी वाटलं होतं. खारघरला तो तिसऱ्या होलपर्यंत, म्हणजे चेंडू घालायच्या तिसऱ्या खड्ड्यापर्यंत, कोमट पोतेरं होतो. शिवाय पीव्हीएचा (स्पंजसारख्या प्लास्टिकचा) असेल तर वाळल्यावर पापडासारखा कडक होतो, आणि मायक्रोफायबरचा असेल तर दुसऱ्या दिवशी त्याला जो वास येतो त्याबद्दल न लिहिलेलं बरं. 450 रुपये. पुणे, नाशिक, नागपूर, छत्रपती संभाजीनगरवाल्यांनी खुशाल घ्यावा.

गळ्यातला पंखा. हेडफोनसारखा दिसणारा, पाती न दिसणारा, मानेत अडकवायचा. मी घेतलेल्याचं नाव लिहीत नाही, कारण एकाच कारखान्यातून निघालेला माल दहा नावांनी विकला जात असावा, अशी मला दाट शंका आहे. 1,600 रुपये, 4,000 एमएएचची बॅटरी, तीन वेग. डब्यावर मोठ्या अक्षरांत 'सोळा तास'. हे सोळा तास पहिल्या वेगावर आहेत, आणि पहिल्या वेगावर त्यातून जे येतं त्याला वारा म्हणायला मन धजत नाही. तिसऱ्या वेगावर माझा जेमतेम दोन-अडीच तास चालतो. म्हणजे पुढे खेळणाऱ्या चौघांनी रेंगाळायचं ठरवलं तर तुमचे शेवटचे होल पंख्याविना.

वारा मात्र चांगला लागतो, हे मान्य करायला हवं. गालांवर, कानांमागे, हनुवटीखाली. चष्मेवाल्यांना आणखी एक फायदा: घामाने काचा धुरकट होत नाहीत. पण हे यंत्र घालून स्विंग करता येत नाही. बॅकस्विंगला, म्हणजे फटक्यासाठी काठी मागे नेताना, डावा खांदा हनुवटीखाली येतो आणि तिथे हे प्लास्टिक आडवं येतं. म्हणजे प्रत्येक फटक्याआधी काढा, बग्गीत ठेवा, फटका मारा, परत घाला. पुटिंगला, म्हणजे ग्रीनवर (खड्ड्याभोवतीच्या आखूड गवतावर) चेंडू हलकेच ढकलताना, ठेवता येतो, पण तिसऱ्या वेगावर तो डासासारखा गुणगुणतो. आमच्या चौकडीतले डॉक्टर एकदा पुटरवरून मान वर न करता म्हणाले, "साहेब, तुमचं विमान जरा उतरवता का?" तेव्हापासून ग्रीनवर बंद.

याच पंख्याचं महागडं भावंड मिळतं, त्याला मानेच्या मागे 'कूलिंग प्लेट' असते. धातूची चकती, बटण दाबलं की गार. आत पेल्टियर नावाचा तुकडा असतो: वीज दिली की एक बाजू गार, दुसरी गरम. गार चमचा मानेला लावल्यासारखं वाटतं आणि पहिली पाच मिनिटं माणूस खूश होतो. पण हिशेब करा. बग्गीत नुसतं बसलेलं शरीरही शंभर वॉटच्या वर उष्णता बाहेर टाकू बघत असतं, चालताना त्याच्या दुपटी-तिपटीने. एवढ्याशा बॅटरीवरची ती चकती त्यातले फार तर चार-पाच वॉट उचलणार, आणि गरम बाजूची उष्णता तुमच्याच कॉलरजवळ सोडणार. बॅटरी मात्र धडाधड संपते. मित्राचा घालून बघितला, परत दिला.

बग्गीतला पंखा. माझे सगळ्यात सत्कारणी लागलेले 1,100 रुपये. खरं तर ही वस्तू बाबागाडीसाठी बनवलेली आहे. लहान मुलाच्या प्रॅमला अडकवायचा छोटा पंखा, खाली ऑक्टोपससारखे तीन वाकणारे पाय. हे पाय बग्गीच्या छताच्या खांबाला गुंडाळायचे. रबर गुळगुळीत असल्याने खड्ड्यात खाली सरकतो, म्हणून मी सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा कापून खांबाला आधी गुंडाळतो आणि त्यावर पंखा चढवतो. मग हलत नाही.

बग्गीत छप्पर आहे, वारा आहे, मग पंखा कशाला, असं मला विचारलं जातं. बग्गी धावते तेव्हा वारा असतोच, ताशी वीस किलोमीटरचा, तोही फुकट. पण गोल्फमध्ये बग्गी धावते किती आणि उभी राहते किती? टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागी, थांबा, रफमध्ये (वाढलेल्या गवतात) चेंडू शोधा, पुढचे लोक बंकरमधून (वाळूच्या खड्ड्यातून) बाहेर पडेपर्यंत थांबा. उकाडा मारतो तो या थांबण्यात. घाम येतच असतो, पण हवा हलत नाही, म्हणून तो वाळत नाही, नुसता ओघळतो. ओघळलेल्या घामाने शरीर गार होत नाही. शरीरातलं पाणी आणि मीठ तेवढं जातं. वारा लागला की तोच घाम कामाला लागतो. आमच्याकडची हवा बहुतेक दिवशी त्वचेपेक्षा, म्हणजे सुमारे 35 अंशांपेक्षा, थोडी थंडच असते. म्हणून पंखा इथे फायद्याचा. विदर्भात 44 अंशांना हाच पंखा अंगावर भट्टीची हवा फेकेल.

एक युक्ती: पंखा तोंडावर रोखू नका, छातीवर रोखा. तोंडावरचा वारा सुखाचा वाटतो, पण भिजलेला शर्ट छातीला आणि काखेत चिकटलेला असतो, गार करण्याजोगा पृष्ठभाग तिथे आहे. मी खांबाला कमरेच्या जरा वर बांधतो आणि वरचं एक बटण उघडतो. मैदानावर कॉलरचाच शर्ट घालायचा नियम मोडत नाही.

पंख्यावर खर्च करण्याआधी बग्गीची पुढची काच खाली पाडा. ही काच अर्ध्यात दुमडते आणि क्लिपमध्ये बसते, पण कितीतरी लोक ती वर ठेवूनच फिरतात, आणि समोरचा वारा अडवून वर 'आज फार उकडतंय' म्हणतात. सीट काळ्या रेक्झिनची असते, तिच्यावर साधा टर्किश टॉवेल टाका. आणि बग्गी उभी करताना सावली सीटवर पडेल अशी करा, सावली स्टिअरिंगवर पडून काही उपयोग नाही.

बग्गीच्या रचनेवर माझी एक तक्रार मात्र आहे. छप्पर आहे ते बसणाऱ्या दोघांच्या डोक्यावर. कॅडी, म्हणजे खेळाडूचं सामान सांभाळणारा मदतनीस, मागच्या फळीवर उभा राहतो, त्याच्या डोक्यावर ऊनच. खेळणाऱ्यापेक्षा तो जास्त चालतो, बंकर तोच सारखा करतो, झुडपात चेंडू तोच शोधतो. ऑगस्ट 2021 मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या वेळी कासुमिगासेकीच्या मैदानावर आपली आदिती अशोक चौथी आली, तेव्हा तिची कॅडी तिची आईच होती. त्याच स्पर्धेत पहिल्या दिवशी एका अमेरिकन खेळाडूच्या कॅडीला उष्म्यामुळे अर्ध्यातच थांबावं लागलं होतं. व्यावसायिक कॅडीची ही गत. आमच्या पोरांना विचारलं तर ते "नाय काका, सवय हाय" म्हणतात. म्हणून मी विचारत नाही, बर्फाचं पाणी सरळ हातात देतो.

बर्फाचा डबा. सहा लिटरचा, जाड भिंतीचा, मासे आणायला वापरतात तसा. 900 रुपये. एक किलो बर्फ वितळताना 334 किलोज्यूल उष्णता खातो, म्हणजे शंभर वॉटच्या हिशेबाने जवळजवळ तासभराची. ही गार होण्याची ताकद हवेतल्या आर्द्रतेवर अवलंबून नाही, हा बर्फाचा मोठेपणा. कूलिंग टॉवेल जिथे हात टेकतो तिथून बर्फ सुरू होतो. रात्री लिटरच्या दोन बाटल्या गोठवतो, सकाळी डब्यात ठेवून वर थोडं पाणी ओततो, त्यात दोन सुती पंचे. एक मानेवर, एक डब्यात. चार-पाच मिनिटांनी अदलाबदल. पंचा पातळ असतो, लगेच पिळला जातो, वास धरत नाही.

नऊ होल झाल्यावर मिळालेल्या वेळात कोपरापर्यंत हात गार पाण्यात बुडवून बसा. आग विझवणाऱ्या जवानांना आणि सैनिकांना गार करायला हीच पद्धत वापरतात. तळहात आणि मनगटातून रक्त भरपूर फिरतं, ते गार होऊन परत जातं. मात्र ग्लोव्ह आधी काढून ठेवा. भिजलेलं चामडं वाळलं की कामातून जातं. दमट हवेत दोन ग्लोव्ह आळीपाळीने वापरणं हाच शहाणपणा.

छत्री. दुहेरी कापडाची, आतून चंदेरी, मोठी. वारा वरच्या फटीतून निघून जातो, त्यामुळे उलटी होत नाही. नियमाची एक गंमत लक्षात ठेवा. फटका मारताना कॅडीने किंवा दुसऱ्या कुणी तुमच्या डोक्यावर मुद्दाम छत्री धरली तर स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजायच्या खेळात) दोन फटक्यांचा दंड. तुम्ही स्वतः एका हातात छत्री धरून दुसऱ्या हाताने छोटा पुट ढकललात तर चालतं. मी दोनदा प्रयत्न केला, पुट कुठे गेले ते विचारू नका.

पिण्याबद्दल थोडक्यात. मीठ घातलेलं ताक किंवा कोकम सरबत, साखर बेताची. डॉक्टरांच्या पिशवीत ओआरएसची पुडी असते आणि ती ते पूर्ण एक लिटर पाण्यातच घालतात. पेल्यात अर्धी पुडी ढवळणाऱ्याला ओरडा बसतो. दुकानातल्या गोड पेयांवर 'ओआरएस' छापलेलं असायचं, ते ऑक्टोबर 2025 मध्ये एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेने बंद केलं. तरी बाटलीमागचा मजकूर वाचाच. ब्लडप्रेशरवाल्यांनी मिठाचं आपापल्या डॉक्टरला विचारावं.

एवढ्या सामानानंतरही कधी खेळू नये, हे ठरवून ठेवलेलं बरं. 16 एप्रिल 2023 ला याच खारघरमध्ये महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा उघड्या मैदानावर झाला आणि उन्हाने 14 जणांचे जीव गेले. किनारपट्टीवर हवामान खातं 37 अंशांच्या पुढेच उष्णतेच्या लाटेचा विचार करतं, म्हणून 34 चा आकडा बघून गाफील राहू नका. आमच्या चौकडीचा नियम: सकाळी सहाच्या आसपास टी-ऑफ (खेळाची सुरुवात), साडेनऊला जिथे असू तिथून परत. कुणाचं बोलणं असंबद्ध वाटलं, पाय लटपटले, की खेळ बंद. काख, मान, जांघा इथे बर्फाचं पाणी, आणि थेट हॉस्पिटल. स्कोअरकार्ड नंतर.

पंखे सांभाळायचं राहिलं. सनस्क्रीन आणि मिठाचा थर जाळीत बसतो, जुन्या टूथब्रशने कोरडाच काढा. उन्हात उभ्या गाडीत पंखा विसरू नका, लिथियमची बॅटरी फुगते. पाऊस सुरू झाला की बग्गी फेअरवेवर, म्हणजे मधल्या कापलेल्या हिरवळीवर, सोडत नाहीत, मग पंखे आपोआप कपाटात जातात. तेव्हा चार्जिंग निम्मं ठेवा, पूर्ण भरलेलं किंवा पूर्ण रिकामं नको, आणि शेजारी सिलिका जेलची पुडी टाका. ऑक्टोबर हीटला लागतील.